बांबूच्या निविदेला नवी लायब्ररी आडवी आली

आदरणीय नागसेनभाऊ,

संघपालचा जयभीम. वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे आईने आरमोरीहून कळवले. (आता त्या स्वतः जिना चढतात की तुम्हालाच खालीवर पळवतात, हे आईला कळले नाही.) मी आलापल्लीपलीकडच्या या गावात ग्रामसभेचा सचिव म्हणून सुखरूप आहे. तुम्ही नागपूरहून येऊन ग्रामसभेच्या कम्प्युटरवर फुकटची, कोणालाही आतून उघडून पाहता येणारी लिनक्स प्रणाली बसवून दिलीत. तिचे गेल्या महिन्यात काय झाले ते कळवतो.

गावाने दोन महिने खपून कापलेल्या बांबूची निविदा त्या दिवशी पाचच्या आत पोर्टलवर चढवायची होती. चुकली असती तर पुढची तारीख पावसाळ्यानंतरची, आणि तोवर ढिगाला भुंगा लागला असता. निविदेवर अध्यक्ष गिरजाबाईंची डिजिटल सही लागते. सहीची किल्ली पेनड्राइव्हसारखी असून ती त्यांच्या बटव्यात सुपारीशेजारी राहते. ती किल्ली ब्राउझरला ओळखता यावी म्हणून एका कंपनीचे प्लगइन बसवावे लागते. त्याच सकाळी कम्प्युटर अपडेट झाला, त्यातली एक लायब्ररी नवी आली, आणि जुनी मिळाल्याशिवाय सही घेणार नाही म्हणून प्लगइन अडून बसले.

"नवी आली तं चांगलंच हाये," गिरजाबाई म्हणाल्या. "त्याले जुनीच पुस्तकं काऊन पायजे?"

ही लायब्ररी पुस्तकांची नाही, सगळ्या प्रोग्रामांनी मिळून वापरायच्या अवजारांची आहे, असे मी समजावले. त्यांना ते पटकन कळले. (गावात एकच पहार सहा घरे वापरतात.) मग मी पाण्याच्या टाकीवर चढून कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी, लायब्ररी तुमची आहे, ती बनवणाऱ्यांना विचारा, असे अतिशय गोड आवाजात सांगितले. बनवणाऱ्यांना इंटरनेटवर विचारले. त्यांचे उत्तर वीस मिनिटांत आले: प्लगइन कुलूपबंद आहे, आत काय बिघडले ते दिसत नाही, कंपनीला विचारा. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारे दोघे भाऊ पाहिले आहेत. हे त्यांच्यापेक्षा सभ्य, पण निकाल तोच. शेवटी कुठल्याशा साइटवरून जुनी लायब्ररी उतरवून मी नवीच्या जागी ठेवली. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

गिरजाबाई बराच वेळ रेघेकडे पाहत होत्या. "जित्तं हाये अजून," म्हणाल्या आणि चपला घालून उठल्या.

त्या थेट शाळेत गेल्या. वारलू मास्तरांकडे शाळेचा लिनक्सचाच जुना लॅपटॉप आहे. शाळेत रेंज नसल्याने त्याला पाच वर्षांत इंटरनेट दिसले नव्हते, त्यामुळे त्याची लायब्ररी जुनीच होती. ग्रामसभेच्या कम्प्युटरची नेटची तार त्याला बसेना, आणि गावात मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते. तिथे मास्तरांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, मी मोबाइलचे नेट जोडले, आणि प्लगइन मुकाट बसले. तेवढ्यात लॅपटॉपनेही विचारले, अपडेट करू का?

"हात लावशीन तं पाह्यजो!" गिरजाबाई ओरडल्या. मला की लॅपटॉपला, कोण जाणे. त्यांनी किल्ली खुपसली आणि गुप्त पिन खाली जमलेल्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा उच्चारत दाबला. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी निविदा चढली. बांबू परवा ट्रकांतून गेला.

वहिनींना व मुलांना जयभीम.

आपला,
संघपाल

ता. क. ग्रामसभेने ठराव केला आहे, की यापुढे कम्प्युटरला काहीही नवे द्यायचे तर निम्म्या बाया हजर असलेल्या सभेची मंजुरी लागेल. ठराव एकमताने झाला. सूचक गिरजाबाई.

ता. क. २. सभेत विचारले गेले, की अपडेटचे बटण दाबले कोणी. मी सांगितले, ते आपोआप होते. ते आपोआप होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बटण दाबल्याशिवाय होऊ नये, अशी सोय तुम्हीच करून ठेवली आहे. गिरजाबाई खात्री करायला तुम्हाला फोन करणार आहेत. (मीच आधी फोन केला असता, पण पायऱ्यांवर सगळे गाव बसलेले असते.) कृपया आपोआप होते म्हणून सांगा. खोटे बोलवत नसेल तर खरे सांगा, पण इंग्रजीत.