पिल्लाचा डावा डोळा

आबा, आज माझ्या नातीनं गटाराकाठचं मांजराचं पिल्लू उचलून आणलं. दोन्ही डोळे पुवानं चिकटलेले. "उद्या बघू की गं आजी," म्हणाली, तर अशी खेकसले तिच्यावर, की पोर बिचकलीच. तशीच पिटाळली गुरांच्या दवाखान्यात.

लढाईच्या वर्षांत माधवनगरच्या आपल्या खोलीत मीही असंच पिल्लू आणून सरपणामागं लपवलं होतं. तुम्ही गिरणीतून आलात आणि ते नेमकं ओरडलं. मला वाटलं, आता मानगूट धरून बाहेर फेकणार. पण तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसलात, त्याची हनुवटी वर केलीत. "आगं, डोळं लय आल्यात ह्येचं. धर पाय." तंबाखू आणि मिठाचा खडा दाढेखाली चावायला लागलात. कवठे महांकाळकडचे आपले भाऊबंद डोळे दुखणारी मेंढरं तुमच्याकडंच आणायचे, त्यांच्या डोळ्यांत तुम्ही अशीच पिंक मारायचात. आई म्हणाली, "आवं, मेंढरू न्हवं त्ये, एवढंसं बाळ हाय!" "डोळा त्यो डोळाच की," म्हणत तुम्ही चिकटलेल्या पापण्यांत पिंक मारलीत. पिल्लू किंचाळलं, माझ्या हाताला बोचकारलं.

सकाळी पापणी सुटली. डावा डोळा पांढराफटक. तुम्ही गिरणीतली पाळी बुडवलीत आणि पिल्लू दुरडीत घालून सांगलीच्या दवाखान्याकडं निघालात. मी मागं पळतेय. वाटेत कुणीतरी हसतं, "काय रं गड्या, वाघ धरलास व्हय?" तुम्ही वर बघत नाही. बैल-म्हशींच्या रांगेत आपण दोघं दुरडी घेऊन उभे. डॉक्टर आधी हसले, मग वाकून बघितल्यावर हसू गेलं. "यात काय घातलंत?"

"तंबाकू, सायेब. म्या घातली. पोरीचा हात न्हाई त्यात."

केवढे तापले ते! "डोळे चिकटले त्याच दिवशी आणायचं! तोवर उकळून गार केलेल्या पाण्यानं, स्वच्छ कापसानं पुसायचं, दुसरं काही घालायचं नाही. डोळा उघडत नाही, पांढुरका दिसतोय, मग एक दिवससुद्धा थांबायचं नाही. उजवा वाचेल. डावा गेला."

त्यानंतर गावाकडून कुणी कोकरू आणलं की तुम्ही दारातूनच परतवायचात. "न्हाई गड्या, माजा हात वंगाळ हाय." आई म्हणायची, एवढं काय मनाला लावून घ्यायचं! पण तुम्ही मरेपर्यंत जनावराच्या डोळ्याला हात लावला नाहीत.

हे तुमच्या हयातीत सांगायला हवं होतं; आता कुठल्या पेटीत टाकू हे पत्र? आबा, पिल्लू मी चार दिवस लपवलं होतं. तुमच्या भीतीनं बोलले नाही. तुम्ही येण्याआधी, त्याच दुपारी, परकराचं ओलं टोक लावून मी पापणी उघडून पाहिली होती. डावा डोळा तेव्हाच पांढरा होता. मग पुन्हा पू येऊन पापण्या मिटल्या, तुम्हाला काही दिसलं नाही. डॉक्टरांसमोर हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते तुम्हाला रागवत होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.