रक्ताचा दाब वगळता

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, दाबमापक यंत्रे तपासणारी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. रक्ताचा दाब तेवढा आहे. गेल्या महिन्यापासून मलाही बाबांचीच गोळी सुरू झाली. आज पाठ टेकून, पाच मिनिटे गप्प बसून मोजला: एकशे अठ्ठावीसवर ब्याऐंशी.

१. दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली शिल्लक बाबांना.

२. पाऱ्याचे दाबमापकही त्यांनाच. ते अचूक आहे. गोळ्या वाढवूनही बाबांचा दाब उतरेना, तेव्हा मी ते तीनदा तपासले, चौथ्यांदा स्वप्नात. पारा नळीतून निघून छतापार गेला होता आणि मी ढगात शिडी लावून शांतपणे आकडा वाचत होते. जाग आल्यावरही हात गार होते. दोष यंत्रात नव्हताच. बाबा निवृत्त निवेदक. आवाजासाठी दिवसभर ज्येष्ठमध चघळतात. त्याने दाब चढतो आणि गोळीची मेहनत पाण्यात जाते.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"लाकूड चघळतो म्हणून सांगू? हसतील मला!"

३. आत्याला काही नाही. "डोकं दुखत नाही ना, मग गोळी कशाला?" म्हणत तिने बाबांची गोळी आठवडाभर बंद ठेवली आणि वर स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या दिल्या. त्यांनीही दाब वाढतो. राग नाही, नोंद आहे.

४. इथवरचा मसुदा मी दुपारी बाबांना वाचून दाखवला. पडदा हलत होता, खोली पाण्याखाली असल्यासारखी हिरवट झाली होती.

"म्हणजे तुझ्यामागे मी राहायचं? वारस म्हणून?"

"ज्येष्ठमध सोडलंत तर राहालही."

"सोडतो. उद्या डॉक्टरांनाही सांगतो, हसू देत. पण माझं नाव काढ गं. बापाला असलं काही द्यायचं नसतं."

मी नकार दिला. मसुदा तपासायला आलेल्या वकीलबाई समोरच होत्या. त्या म्हणाल्या, साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला मृत्युपत्रातला वाटा मिळत नाही.

बाबांनी पेन मागितले.

त्यामुळे कलम एक आणि दोन निरर्थक झाली आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे. ती मी खोडलेली नाहीत.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: अकरा मार्च

सही: मुलगी
साक्षीदार पहिला: वडील (सही ठळक, दोनदा गिरवलेली)
साक्षीदार दुसरी: शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू