लबाड काटा

उस्मानपुरा, औरंगाबाद
रविवार, फेब्रुवारी १९९४

प्रिय मल्हारी,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डावर माणूस लिहून लिहून किती लिहिणार म्हणा, पण त्यातही गाडीची खुशाली आधी, माझी नंतर, आणि उरलेल्या जागेत तक्रार, की माझ्या पत्राखाली नुसतं ‘सत्यभामा’ असतं, हजेरीपटावर सही केल्यासारखं. अरे बाबा, कार्ड उघडं असतं. आधी पोस्टमन वाचतो, मग कोपऱ्यावरच्या वच्छलाबाई वाचतात, आणि शिळं झालं की मला मिळतं. म्हणून हे पाकिटात घालून पाठवतेय. ट्रेनिंगसाठी पुण्याला निघताना तू स्टँडवर मला जे विचारलंस, आणि ‘आधी बाबा आपल्या गाडीत बसू देत’ म्हणून मी जे पुढं ढकललं, त्याचं उत्तर तुला हवंय हे मला कळतं. ते शेवटी आहे. शेवटचं पान आधी वाचलंस तर बघ.

गाडी शेडमध्ये मजेत आहे. लोक अजून बघायला येतात. कुणी तिला बोट म्हणतं, कुणी नवरदेवाचा रथ. आमच्या कारखान्याच्या तात्यासाहेबांनी मुलासाठी हौसेनं मागवलेलं, घरी जोडायच्या गाडीचं ते भलंमोठं खोकं, फायबरची बॉडी, पाइपांची चासी आणि कुणालाच न कळणारं इंग्रजी माहितीपत्रक, त्यांच्या चिकलठाण्याच्या गोडाऊनमध्ये कसं धूळ खात पडलं होतं आठवतं ना? मुलगा अमेरिकेला गेला आणि त्यांनी ते ‘न्या, पण चालवून दाखवा’ म्हणत आपल्या गळ्यात मारलं. आता आरटीओच्या पासिंगचं त्यांनीच अंगावर घेतलंय. इंजिन तू भंगारातल्या फियाटचं उभं केलंस आणि वायरिंग माझ्याकडे आलं. दिवसभर कारखान्यात खिळे ठोकलेल्या फळीवर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वायरी बांधायच्या आणि सुटी झाली की आपल्या. मीटर चारच, इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, पेट्रोल आणि चार्जिंग, पण त्यांनी जेवढं पळवलं तेवढं शाळेनंही पळवलं नव्हतं. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या हेडमध्ये आवळताना तुझ्या हातातला पाना निसटून माझ्या अंगठ्यावर पडला, आणि माझ्यापेक्षा जोरात तू ओरडलास. मला वाटतं, मला त्याच दिवशी कळलं होतं. पण ते असो.

बाबांचं तुला माहीत आहे. तू शेडमध्ये आलास की प्लग, पॉइंट, कार्बोरेटर यांवर ते तासभर बोलायचे. महापालिकेच्या पाण्याच्या टँकरवर हयात गेली, ड्रायव्हर माणूस बोलणारच. पण दर हिवाळ्यात तू गावाकडून हुरडा आणलास की ‘दात ऱ्हायले नाय’ म्हणून बाजूला सारायचे, आणि तू गेल्यावर त्याच दातांनी फुटाणे फोडायचे. त्या गावचा दाणा नाही, त्या गावचं पाणी नाही. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावात आमची घरं जाळली, तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई, बाबा, मी आणि एक पितळेची घागर, गंगापूरपर्यंत पायी. वाटेत आईनं ती घागर एकदाही माझ्या हातात दिली नाही. ती गेली तेव्हाही घागर तिच्या उशाशी होती.

बाबांनी जाळणाऱ्यांची नावं घरात कधी उच्चारली नाहीत. नाव एकाचंच घ्यायचे, आणि तो जाळायला होता की नव्हता हेही त्यांना माहीत नव्हतं. तुझे वडील. एक बिडी दोघांत ओढणारे. खतासाठी तुमच्या मेंढ्या आमच्या तुकड्यात बसायच्या, तेव्हा मुंजाबाकाका मला कोकरू उचलून द्यायचे, हे मला अजून आठवतं. ‘बाकीच्यांचं सोड, मुंजाबा कुठं व्हता?’ एवढंच बाबा विचारायचे, भिंतीला विचारल्यासारखं. तू त्या दिवसांत चुलत्याबरोबर मेंढरांमागं पैठणच्या अंगाला होतास, तू काय सांगणार? आणि तुझे वडील वारल्यावर तर विचारायलाही कुणी उरलं नाही. तरी बाबांनी तुला शेडमध्ये येऊ दिलं. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित येऊ देणं थांबलं असतं.

चौदा जानेवारीला विद्यापीठाचं नाव झालं, ते तुला तिकडं कळलंच असेल. बाबा पायी विद्यापीठाच्या कमानीपर्यंत जाऊन आले. मला वाटलं, पेढे घेऊन येतील. आले ते रिकाम्या हातानं. ‘मागितलं नामांतर, दिला नावाचा इस्तार,’ एवढंच बोलले आणि टोपी खुंटीला लावून भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘पोरी, ही गाडी गावापस्तोर जाईल का?’ माझ्या हातातला टेस्टर खाली पडला. एसटीनं जायचं नाही म्हणे. ‘पायी निघालो व्हतो. आता जाईन तर घरच्या गाडीनं, नायतर नाय.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की इंजिनचा धूर, मला ठरवता आलं नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा एकदा या गाडीत बसून गावात जाऊन आले, म्हणजे आपल्या दोघांचं काहीतरी होईल, असं मी मनाशी धरून बसले होते.

पण ड्रायव्हर तो ड्रायव्हर. आधी तपासणी. इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं, खूश झाले. मग हेडलाइट लावले आणि तापमानाचा काटा सरसर लाल पट्ट्यात गेला. बाबांनी घाईघाईनं इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं, फडकं धरून रेडिएटरवर हात ठेवला. नुसतं कोमट! पुन्हा सुरू केलं. लाइट लावला की काटा चढतो, घालवला की उतरतो. इंडिकेटर दिला तर त्याच्या तालावर मान डोलावतो. पेट्रोलच्या काट्याची तर वेगळीच तऱ्हा, टाकी काठोकाठ भरली तरी उठायला तयार नाही. मी हसत होते, बाबा हसले नाहीत. ‘लबाड हाय तुमचा काटा. टँकरचा पत्रा सडला, बिरेक गेले, पण काटा कधी खोटं बोल्ला नाय. असल्या काट्याच्या भरवशावर मी त्या गावात शिरणार नाय. मधीच बंद पडली तर लोक ढकलाया येतील. मला त्यांचा हात नगं.’

मग मी सेन्सर बदलून पाहिला, मीटर उलटापालटा केला, तुझ्या नावानं बोटंही मोडली. शेवटी डोक्यात प्रकाश पडला तो कारखान्यात, फळीवर अर्थिंगच्या काळ्या वायरी ओढताना. आपण दोघंही लोखंडावर शिकलेली माणसं. लोखंडी गाडीत मीटरला एक वायर नेली की झालं, परतीचा करंट बॉडीतून आपला आपण बॅटरीकडे जातो, त्याचा कुणी विचारही करत नाही. आपली बॉडी फायबरची. तिच्यातून तो जाणार कुठून? तू चारही मीटरचं अर्थिंग डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला दिलंस, मी शहाणपणा करून हेडलाइटचंही तिथंच आणून बांधलं, आणि ती पट्टी एका बोल्टानं स्टिअरिंगच्या नळीला जेमतेम टेकलेली. येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तेवढी एकच बोळ. लाइट लागले की तिथं कोंडी होते आणि काटा भलतंच बोलायला लागतो. इंजिन बिचारं गार असतं. आणि मागच्या टाकीला तर परतीची वाटच नाही. चूक निम्मी तुझी, निम्मी माझी, असं मी ठरवून टाकलंय.

बॅटरीपासून इंजिनला आणि चासीला जाड केबल टाकली, हेडलाइटची वायर वेगळी काढली, प्रत्येक मीटरला आणि टाकीलाही आपापली काळी वायर दिली. मग बाबांना बोलावलं. त्यांनी हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळं एकदम लावलं, गल्ली गोळा झाली. काटा मध्यावर उभा तो उभाच. पेट्रोलचाही गुमान उठून भरल्या टाकीवर गेला. बाबा ‘हं’ म्हणाले. मला वाटलं, आता बसतील. ते घरात गेले आणि रेडिओ लावून बसले. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. काटा खरा झाला तरी बाबांचं पाऊल उचलेना. मल्हारी, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मला वाटलं, आता हे या जन्मात होत नाही, आणि तुला कसं लिहू.

आणि मग गुरुवारी तुझी आई आली. तू पाठवलं नाहीस, हे तिनंच सांगितलं. बाबांविषयी, ‘कचरू गावाला यायचं म्हणतोय’ असं तिच्या कानावर गंगापूरच्या बाजारात आलं, आणि बानाबाई एकटी एसटीत बसून उस्मानपुऱ्यात विचारत विचारत दारात उभी. एका हातात हुरड्याची पिशवी, खांद्यावर घोंगडी. आधी गाडी बघायची म्हणाली. बघितली, आणि कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली. बाबा म्हणाले, ‘बाई, आमच्यात ते चालत नाय.’ तर ती म्हणते, ‘निम्मी गाडी माझ्या पोराची हाय. तुमच्या निम्मीला लावत नाय.’ असं म्हणून तिनं मागच्या डाव्या चाकाला चिमूटभर भंडारा लावला, आणि बाबांनी आपल्याला दिसलंच नाही असं दाखवत आभाळाकडे बघितलं. तेव्हा तुझी निम्मी म्हणजे मागचं डावं चाक, हे लक्षात ठेव.

ती आत आली, खाली बसली. पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाली, आधी बोलते, मग पिते. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुला ते कधी सांगितलं नसणार. ‘कचरूभाऊ, तुमी इच्यारता म्हणं, मुंजाबा कुठं व्हता. घरात व्हता. दार लावून. कडी म्या घातली. दोनदा काठी घिऊन उठले, दोन्ही बारीला म्या पाय धरले. लेकरू रानात, घरात म्हातारी. भ्यालो आमी.’ बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, ‘मला वाटत व्हतं, त्यो बी त्यांच्यातच व्हता.’ ‘त्यांच्यात नव्हता,’ ती म्हणाली. ‘पर यायला पायजे व्हतं त्यानं,’ बाबा म्हणाले. ‘व्हय. यायला पायजे व्हतं. मरुस्तोर तेच म्हणत गेले.’ तिनं एक शब्दही सारवला नाही. मला वाटतं, तिनं काही सारवलं असतं, तर बाबा उठून बाहेर गेले असते.

पण बाबा उठले नाहीत. त्यांनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि मग पिशवीकडे बघून विचारलं, ‘कवळा हाय का?’ मी शेगडी पेटवली. हुरडा गरम केला, लसणाची चटणी काढली. बाबांनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिले. सगळे दात शाबूत होते, मल्हारी! मी शेगडीपाशी तोंड फिरवून रडले, आणि तुझी आई माझ्या पाठीवर हात ठेवून चटणी तिखट झालीय का म्हणून विचारत राहिली. इथं मला काट्यावरून काहीतरी शहाणपणाचं लिहायचा मोह होतोय. पण तू हसशील, म्हणून नाही लिहीत.

आता शेवटचं. हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलेलं नाही, बाबांनी बसवलंय. आज सकाळी म्हणाले, ‘त्या पोराला लिव्ह, गाडी झाली म्हणून. आन त्याचं तुझ्याकडं जे काय पेंडिंग हाय, ते बी लिव्ह.’ त्यांना कसं कळलं ते मला विचारू नकोस, वच्छलाबाईंना विचार. तर माझं उत्तर हो आहे. स्टँडवरही हो होतं. पण ते मला बाबांच्या पाठीमागून द्यायचं नव्हतं. लग्न विहारात होईल, मी पांढरी साडी नेसेन. तुझ्या आईनं एवढंच विचारलं की सुनेच्या खांद्यावर आमची घोंगडी टाकली तर चालेल का. बाबा म्हणाले, थंडी असली तर चालेल. ऊन तापायच्या आत रजा काढून ये, कारण आपण आधी गावाला जायचंय. गाडी मी चालवणार. बाबा माझ्याशेजारी पुढं, तू आणि तुझी आई मागं. मी म्हटलं, अहो बाबा, इंजिन त्यानं बांधलं, त्याला पुढं बसू द्या. तर म्हणाले, ‘नाय. गावात शिरताना लोकांनी आधी मला बघावं, मग माझ्या पोरीला. जावई मागनं दिसला तरी चालतंय.’

तुझीच,
सत्यभामा