रीनाच्या कपाळाचं लिंपण

मुर्री,
४ मे २०२५

चि. रीनास अनेक आशीर्वाद.

तुझं मातीचं डोकं नागपूरला धडधाकट पोचलं, असं आमच्या लेकीने, दुर्गेश्वरीने काल फोनवर सांगितलं. गाडीत तिने ते मांडीवरून उतरवलंच नाही. बाळाला गरम होत असेल, फडकं काढ, असा सल्ला समोरच्या बाईने दिला म्हणे. पण डोकं पाहिल्यापासून तू माझा फोनही उचलत नाहीस. काऊन रुसून राहिली, बाई?

सुट्टीत माझ्या परसात बसून बोडीच्या तळातल्या मातीतून तू स्वतःचं डोकं घडवलंस आणि वाळत ठेवून गेलीस. त्यावरून रोज कोंबड्या मी हाकलल्या. अकतीच्या सणाआधी आपण चूल, ओटा, जिथे भेग दिसेल तिथे लिंपतो. तुझ्या कपाळावर दोन भेगा होत्या, त्याही लिंपल्या. सणाला फुटकं कपाळ घरात कसं ठेवायचं? माती उरली, म्हणून थोडी नाकाला लावली.

तुझे आतोबा आठवण काढतात. राग असू दे, लोभ तेवढा कमी करू नको.

तुझी आत्या,
धनवंता

नागपूर,
९ मे २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

त्या भेगा नव्हत्या गं, आठ्या होत्या! मोठ्या कष्टाने कोरल्या होत्या. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आम्ही स्वतःला मातीत घडवायचं, आपण कोण ते चेहऱ्यातून कळायला हवं, आणि त्यावरच निकाल. मी विचारात पडलेली मुलगी घडवली होती. तू तिला भरपेट जेवून सुस्तावलेली करून टाकलीस! माझी मैत्रीण नीतू विचारत होती, ही तुझी मावशी का म्हणून.

वाळलेल्या मातीवर ओली चढवली की भाजताना सुटते, त्यात तू चुलीसारखा धानाचा भुसाही घातलास. सगळं खरवडावं लागेल. अजून हात धजत नाही. पण नाकाला काय झालं होतं, तेवढं सांग.

आतोबांना नमस्कार. चिडले असले तरी तुझीच,
रीना

मुर्री,
१४ मे २०२५

चि. रीनास आशीर्वाद.

आठ्यांचं माझं चुकलं. पण तू माझ्याकडे असताना तुझ्या कपाळावर मला आठी कधी दिसलीच नाही. मग त्या भेगाच वाटणार ना?

नाकाचं मात्र मी जाणूनबुजून केलं. ते बारीक, टोकदार नाक तू कायले आणलंस आणि कोणाचं? शेजारच्या सुशीलाबाईने पहिल्या दिवशी डोकं पाहून विचारलं होतं, ही कोणत्या शहराची पाहुणी. मी नाक बसकं केलं, तर तीच बाई दारातूनच ओरडली की रीना कधी आली! आपल्या घरात सगळ्यांचं नाक असंच आहे, माझं आणि तुझ्या बाबाचंही. तरी डोकं तुझं आहे. खरवडायचं तर खरवड, मी बोलणार नाही. आतोबा म्हणतात की मी न बोलता राहिले तर ते पेढे वाटतील.

जेवत जा. माया आहेच, तिला उत्तराची वाट पाहायला लावू नको.

धनवंता

नागपूर,
२० मे २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आरशासमोर बसले, मग फोनमधले जुने फोटो काढले. सगळ्यांत मी मान वळवून, नाक बारीक दिसेल अशीच उभी! नीतू हसून हसून खाटेवर लोळली.

म्हणून नाक राहू दिलं. कपाळावरचं लिंपण मात्र काढलं आणि दोन्ही आठ्या पुन्हा कोरल्या. तुझ्या अंगणात त्या येत नाहीत हे खरं, पण इथे रोज येतात आणि त्या माझ्याच आहेत. सरांना सगळं सांगितलं. दुसऱ्याचा हात लागला असेल तर तसं लिहा, म्हणाले. मी चिठ्ठी लावणार आहे: चेहरा रीनाचा, नाकावर हात आत्याचा.

आज सकाळी भट्टी लावली. भुशाने दगा दिला, तर मी बिननाकाची निकालाला बसेन. परवा भट्टी निवेल. तू आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं मी सरांकडून कबूल करून घेतलंय. दुर्गेश्वरी स्टेशनवर घ्यायला येईल. आतोबांनाही आण, आणि येताना ओली माती आणू नको.

लोभाला तडा न जावो, ही विनंती.

तुझी,
रीना