मोंतेमारवरची मिरवणूक

बर्मिंगहॅम, २ जून २०२४

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही थंडी आणि जेवण एवढंच विचारता, म्हणून ईमेलवर लिहिते. मी काम करते ते मोंतेमार हे टीव्ही चॅनेल छोटं आहे. दिवसभर इटालियन, संध्याकाळी सातपासून स्पॅनिश. इथे म्हाताऱ्या झालेल्या माणसांना घरात आपली भाषा ऐकू यावी, हे त्याचं काम. येत्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच लाइव्ह जातोय: नॉटिंगहॅमच्या इटालियन लोकांची मारियामातेची मिरवणूक. कंट्रोल रूम माझ्याकडे आहे. नीट पार पडलं तर नोकरी कायम. रस्ता मी स्वतः चालून पाहिला. साडेसहाला मूर्ती चर्चमध्ये परत येईल.

मीनलआत्या अजून सगळ्यांना मी बीबीसीत आहे असं सांगतात का? आणि तुम्ही ऐकून घेता?

लोभ आहेच, तो आत्यांसमोरही दिसावा.
ईशिता

नागपूर, ५ जून

चि. ईशितास अ. आ.

मीनल सांगते आणि मी ऐकून घेतो. उभी हयात दूरदर्शनात काढली. तुझ्या चॅनेलचं नाव घेतलं की लोक पुन्हा विचारतात, मग मलाच संकोच होतो. टेलिकॉमची मोठी नोकरी का सोडलीस, ते अजून उमगलेलं नाही. असो. आपले गणपती कधी वेळेवर पोचलेत का, तेवढं आठव.

रागावू नकोस, तब्येत जप.
बाबा

बर्मिंगहॅम, १० जून

ती. बाबांस, शि. सा. न.

तुमचंच खरं झालं. मी रस्ता मोजला, थांबे मोजले नाहीत. म्हातारं माणूस दारात खुर्ची टाकून बसलं असेल, तर मूर्ती तिथे थांबते आणि लोक गातात. अशी दारं बरीच निघाली. सात वाजत आले तरी मूर्ती रस्त्यावरच. इटालियन निर्माते म्हणाले, तोडशील तर याद राख. स्पॅनिश प्रेक्षकांचा वेळ खायचा नाही, हा चॅनेलचा पहिला नियम.

बातम्या वाचायला कार्मेनबाई तयार बसल्या होत्या. याच चित्रावर स्पॅनिशमधून बोलाल का, असं मी विचारलं. त्यांच्या गावची मूर्तीही अशीच दारोदार थांबते म्हणाल्या आणि हेडफोन चढवला. सातला मी स्पॅनिश मुख्य आवाजावर घेतलं, इटालियन दुसऱ्या ट्रॅकवर, ज्याला हवं त्याने रिमोटवरून निवडावं. चित्र तसंच चालू. बातम्या नंतर पूर्ण दिल्या.

आज सकाळी लेस्टरहून एका स्पॅनिश आजींचा फोन आला: आमची मिरवणूक कधी दाखवता? नोकरी कायम झाली. काम बरं झालं असं मला वाटतं.

आत्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माया असू द्या.
ईशिता

नागपूर, १३ जून

चि. ईशितास अ. आ.

काल मीनल शेजारच्या श्यामलाबाईंना घेऊन आली आणि बीबीसीचं पुराण सुरू केलं. मी तिला थांबवलं. मोंतेमार म्हणालो, दोनदा, सावकाश. दोन ट्रॅक कागदावर काढून दाखवले. मीनलने विचारलं, बीबीसीपेक्षा मोठं आहे का? म्हटलं, लहान आहे, आणि त्याची कंट्रोल रूम आपली ईशिता चालवते.

आमच्या वेळी असं काही झालं की मी चित्र तोडून ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी लावायचो. कितीदा लावली असेल. कार्मेनबाईंना बोलायला सांगावं, हे मला सुचलं नसतं.

तो कागद श्यामलाबाई घरी घेऊन गेल्या. दुसरा काढून पाठव, माझा नीट जमला नव्हता.

तुझा,
बाबा