दत्तारामकाकांचं घड्याळ

१४ जानेवारी
मिलिटरीच आहे! मिलिटरी!!
खालच्या मजल्यावरचे दत्तारामकाका सकाळी रुमालात बांधून घेऊन आले. "गंधाली, तुका घड्याळांचा खूळ आसा म्हणतत. ह्यां चालू होतला गो?" काका एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढंच बिल्डिंगला माहीत.
काचेला तडा, पट्टा कुजलेला. तबकडी काळी. मागचं झाकण झिजून पार गुळगुळीत. भिंगाखाली धरून तिरपा उजेड पाडला – आणि बाण! लष्करी मालावर ठोकतात तो, तीन रेघांचा. खाली नंबर. मी ओरडलेच. माझा नवरा विद्याधर धावत आला, त्याला वाटलं बोट कापलं.

१६ जानेवारी
मरोळच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासल्या, डोक्यात मात्र बाण.
घरी येऊन उघडलं. तेलाचा डिंक झालाय. बॅलन्सच्या चाकाचा दांडा मोडलाय – म्हणून बंद. पण गंज नाही! आणि तबकडी मूळची! बाजारात तर कसलीही घड्याळं रंग फासून 'मिलिटरी' म्हणून खपवतात.
झाकणाच्या आत सुईने कोरलेली उर्दू अक्षरं. घड्याळजीची खूण असेल.

१७ जानेवारी
खूण नाही, नाव! लॅबमधल्या शेख मॅडमनी वाचून दिलं – लान्स नायक रफाकत, चकवाल.
"चकवाल पाकिस्तानात ना?" "हो गं."
समोरच्या फौजेतलं घड्याळ, आपल्या मुलुंडात! फोटो लगेच संग्राहकांच्या ग्रुपवर. मेसेजचा पाऊस! एकाने विचारलंय – मेलेल्याच्या हातातून काढलं का?
त्यानंतर जेवण गेलं नाही.

२० जानेवारी
घाटकोपरला तशाच बनावटीचं एक बाद घड्याळ मिळालं. त्यातला दांडा चालेल! झकास!
विद्याधर म्हणतो, "काकांना सरळ विचार ना." कसं विचारू? ते 'हो' म्हणाले तर?

२१ जानेवारी
चालतंय!!! दांडा बसला, चाक थरथरलं आणि सुटलंच. विद्याधरच्या कानाला लावलं. काट्यांवरच्या रेडियमला हात लावला नाही, तबकडीही होती तशीच ठेवली.
खाली गेले. विचारलं एकदाचं.
लढाई संपल्यावर काका कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. रफाकत कैदी. घड्याळ बंद पडलं म्हणून त्यानेच काकांच्या हातात दिलं – बाजारातून दुरुस्त करून आणा. तिथे जमलं नाही. काका सुट्टीवर मुंबईला घेऊन आले, इथेही पार्ट मिळेना. परत जातात तो छावणी रिकामी. सगळे कैदी मायदेशी!
"इतकी वर्षं सांभाळलंत, काका?"
"मगे काय करू? ता माझा खंय गो?"
मला रडूच कोसळलं. काय काय मनात आणलं होतं मी!
त्यांना विचारूनच हे सगळं ग्रुपवर लिहिलं.

२६ जानेवारी
लाहोरचा एक मेंबर म्हणतो, चकवालला नातेवाईक आहेत, चौकशी करतो. काकांना अजून सांगितलं नाही. उगाच आशा नको.

४ फेब्रुवारी
आज चकवालला व्हिडिओ कॉल लागला. पांढरी दाढी, जाड चष्मा. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.
मग पलीकडून – "दत्ता, घडी बन गयी?"