खुडुकीखालची अंडी

मंगळवार, दिवेलागण

सकाळी खुराडं उघडलं, तर सगळ्या कोंबड्या मरून पडलेल्या. काल तर चांगल्या चरत होत्या. काहून मेल्या? शेजारच्या गंगाकाकूंची वाळत घातलेली हळद त्या रोज उकरायच्या, म्हणून मी कुंपणावरूनच ओरडले, "तुमीच काहीतरी खाऊ घातलं!" काकू हळद गोळा करून आत गेल्या.

दुपारी त्यांच्याही कोंबड्या मेल्या. वाचली ती एकच खुडूक, माझी अंडी उबवत बसलेली. माझ्याकडं खुडूक नव्हती, म्हणून मीच अंडी दिली होती. पिलं अर्धी-अर्धी ठरली होती.

काय म्हणून बोलले मी तसं?

माफी मागायला गेले, तर काकूच म्हणल्या, "ही जगली तर सगळी पिलं तू ने, पोरी. तुझं खुराडं रिकामं झालं."

त्यांचंही रिकामंच की. माफी तोंडातच राहिली.